रोजची एक गोळी

रक्ताचा कर्करोग म्हटला की ऐकणाऱ्याचा धीर सुटतो. पण हा रोग एकाच जातीचा नाही. काही जाती झपाट्याने वाढतात, तर काही धिम्या असतात. धिम्यांपैकी एकीचे नाव 'क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया'. नाव अवघड, म्हणून दवाखान्यात नुसते 'सी.एम.एल.' म्हणतात. आपणही तसेच म्हणू. रोग विरळा आहे. लाखभर माणसांत वर्षाला एखाद-दुसऱ्यालाच होतो. पण आपल्याकडे तो पुष्कळदा तिशी-चाळिशीतल्या कमावत्या माणसाला गाठतो.

आपले रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होते. तेथल्या एखाद्या पेशीतली दोन गुणसूत्रे, नववे आणि बाविसावे, आपापले तुकडे बदलून बसतात. मग पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. निरोगी माणसाच्या मोहरीएवढ्या थेंबात त्या 4,000 ते 11,000 असतात. या रोगात लाखाच्या वर जातात. थकवा येतो, वजन घटते, रात्री घाम फुटतो. डाव्या बरगडीखाली पाणथरी वाढून पोट जड वाटते. हा रोग शिवल्याने होत नाही. आईबापांकडून मुलांना येत नाही. कोणाच्या पापाचे फळ तर मुळीच नव्हे.

पूर्वी असा रोगी साधारण चार-पाच वर्षे काढी. 2001 साली अमेरिकेत 'इमॅटिनिब' नावाच्या गोळीला मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. ही गोळी बिघडलेल्या पेशीतला तो बिघाडच अडवते. रोग नुकताच कळलेल्या ज्या रोग्यांवर ती पारखली, त्यांतले शंभरात ऐंशीहून अधिक दहा वर्षांनंतरही हयात होते.

पण किंमत? मूळ कंपनीची गोळी महिन्याला सुमारे 1,20,000 रुपयांची. आपल्या देशातल्या कारखान्यांची तीच गोळी 8,000 ते 10,000 रुपयांत मिळे. नोव्हार्टिस या परदेशी कंपनीने भारतात पेटंट मागितले, म्हणजे ती गोळी दुसऱ्या कोणी करू नये असा हक्क. कंपनी पुष्कळ रोग्यांना गोळी फुकट देत होती, हेही सांगितले पाहिजे. तरी मुंबईच्या 'कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन' या संस्थेने त्या मागणीला हरकत घेतली. खटला वर्षानुवर्षे चालला. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारले. रोग्यांची बाजू घेऊन एक संस्था एवढ्या मोठ्या कंपनीपुढे उभी राहिली, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

आता खरी अडचण ऐका. दोन-चार महिन्यांत रक्ताचा रिपोर्ट चांगला येतो. भूक लागते, अंगात बळ येते. मग माणूस म्हणतो, "बरा झालो की! आता कशाला गोळी?" येथेच घात होतो. रोग दबलेला असतो, गेलेला नसतो. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील डॉक्टरांनी बाटलीच्या झाकणात बारीक यंत्र बसवून पाहिले. झाकण केव्हा उघडले याची त्यात नोंद होई. 2010 साली त्यांनी सांगितले की शंभरात नव्वदाहून कमी गोळ्या घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांचा रोग नीट आटोक्यात आला. हिशेब करा. महिन्यात तीन गोळ्या चुकल्या की आपण नव्वदावर आलोच.

आमचा एक जुना विद्यार्थी शहागंजात दुकान चालवतो. त्याला हा रोग आहे. रात्री जेवण झाले की गोळी, वर मोठा पेलाभर पाणी, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली. फुली नसली तर बायको ओरडते! एखादा दिवस चुकलाच तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेऊ नयेत.

डोळ्यांखाली सूज, पायांत गोळे, मळमळ असा त्रास काहींना होतो. तो डॉक्टरांना सांगावा. आपल्या मनाने गोळी बंद करू नये. झाडपाल्याचे औषध चालू असेल तर तेही लपवू नये. बाईला मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे, कारण या गोळीने गर्भाला अपाय होऊ शकतो. अनेक वर्षे रोग अगदी खोल दबलेला राहिला तर डॉक्टर काहींची गोळी थांबवून पाहतात, पण तेव्हा रक्ताची तपासणी वरचेवर करावी लागते.

आपल्या शहरात घाटीचे रुग्णालय आहे, आणि 2012 पासून आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. खर्चाची अडचण असेल तर तेथल्या समाजसेवा अधीक्षकांना सरकारी योजनांविषयी विचारावे. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून पिशवीत ठेवावेत. लहान गावी ही गोळी मिळेलच असे नाही, म्हणून आठ दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच शहराची एस.टी. धरावी.