बंदुकीचा दस्ता : अक्रोडापासून कार्बनपर्यंत

बंदुकीविषयी बोलणे निघाले की लक्ष जाते ते नळीकडे, चापाकडे आणि गोळीच्या पल्ल्याकडे. नेमबाजाचा हात, गाल आणि खांदा ज्याला प्रत्यक्ष टेकतो, तो दस्ता मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. वस्तुतः रायफलीच्या अचूकपणाचा मोठा वाटा या मुक्या भागाकडे असतो. त्याची कामे तीन. नळी आणि तिच्यामागची पोलादी यंत्रणा त्याने दर वेळी एकाच स्थितीत धरून ठेवावयाची. गोळी सुटताना मागे येणारा धक्का खांद्यापर्यंत पोहोचवावयाचा. आणि धातूचे यंत्र माणसाच्या देहाशी जुळवून द्यावयाचे. हे तिसरे काम किती नाजूक आहे, याची कल्पना ऑलिंपिकमधील नेमबाजीवरून येते. २०२४ साली पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी ज्या प्रकारात कांस्यपदक मिळविले, त्यात गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून असा तीन तऱ्हांनी नेम धरावा लागतो, आणि प्रत्येक आसनासाठी दस्त्याची ठेवण निराळी करून घ्यावी लागते.

कित्येक पिढ्या ही तिन्ही कामे लाकडाने केली, आणि त्यातही मान होता तो अक्रोडाचा. अक्रोडाचे लाकूड वजनाच्या मानाने कणखर, धक्का सोसणारे आणि पटाशीला वश होणारे. परंतु जाणता कारागीर लाकडाची केवळ जात पाहून थांबत नसे. तो त्याच्या रेषा पाही. ज्याने कधी सरपण फोडले असेल, त्याला ठाऊक असते की लाकूड रेषेच्या दिशेने सहज दुभंगते आणि रेषेला आडवे तोडू गेल्यास कुऱ्हाडीलाही दाद देत नाही. दस्त्याचा सर्वांत दुबळा भाग म्हणजे जेथे मूठ आवळली जाते ते अरुंद मनगट. तेथे रेषा तिरप्या जाऊन बाहेर पडल्या, तर धक्क्याने चीर पडलीच म्हणून समजावे. यास्तव मनगटातून रेषा सरळ वाहत जातील अशीच फळी निवडली जाई. म्हणजे दस्त्याचे बळ झाडाने आधीच रचून ठेवलेले असे; कारागिराने ते ओळखून घ्यावयाचे.

तथापि लाकडात एक दोष आहे, आणि तो त्याच्या स्वभावातच आहे. लाकूड हवेतील ओलावा शोषते आणि सोडते. लांबीत ते फारसे बदलत नाही, पण रुंदीत फुगते, आकसते आणि पीळ खाते. साठ सेंटिमीटर लांबीच्या नळीवर दस्त्याचा दाब पडून तिचे टोक केवळ १/१० मिलिमीटरने सरले, तर ३०० मीटरवर गोळी सुमारे ५ सेंटिमीटर बाजूला जाते. अमेरिकेच्या मरीन दलाने १९६६ साली स्वीकारलेल्या एम-४० रायफलीचा दस्ता लाकडी होता. व्हिएतनाममधील दमट हवेत ते दस्ते वाकू लागले, आणि १९७० नंतरच्या दशकात आलेल्या तिच्या सुधारित आवृत्तीला काचतंतूंचा दस्ता देण्यात आला. त्यापूर्वीच, १९५९ साली, रेमिंग्टन कंपनीने एका लहान रायफलीला नायलॉनचा दस्ता देऊन लाकडाची सद्दी मोडली होती.

त्याच सुमारास कार्बनचा तंतू प्रयोगशाळेत आकार घेत होता. १९५८ साली अमेरिकेत रॉजर बेकन यांनी अतिशय बळकट असे कार्बनचे केशतंतू तयार केले. ओसाका येथे अकिओ शिंदो यांनी पॉलिअॅक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्यापासून कार्बन तंतू मिळविण्याची वाट दाखविली, आणि इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या वैमानिकी संस्थेने १९६० नंतरच्या दशकात ती रीत पुढे नेली. ती थोडक्यात अशी : धागा प्रथम हवेत दोनशे ते तीनशे अंश सेल्सियसपर्यंत तापवितात; नंतर प्राणवायूचा स्पर्श होऊ न देता एक हजार अंशांच्या वर नेतात. बाकीची मूलद्रव्ये उडून जातात आणि जवळजवळ निव्वळ कार्बन उरतो. असा एक तंतू माणसाच्या केसाच्या सुमारे एक-दशांश जाडीचा असतो. त्याची घनता पोलादाच्या पाव हिश्श्याहूनही कमी, आणि ताठपणा मात्र पोलादाच्या तोडीचा.

विमानांसाठी जन्मलेले हे द्रव्य हळूहळू सामान्य कारागिराच्या हाती आले. अमेरिकेत तर घरच्या मोटारखान्यात बसून रायफलीचा दस्ता घडविणारे हौशी लोक आढळतात. त्याला तेथील कायद्याचेही कारण आहे. संघराज्याच्या १९६८ च्या कायद्याप्रमाणे अग्निशस्त्र म्हणून गणला जातो तो यंत्रणेचा पोलादी गाभा; दस्ता ही एक साधी जोडवस्तू ठरते, जरी काही राज्यांनी ठरावीक घडणीच्या दस्त्यांवर बंधने घातली आहेत. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार अग्निशस्त्र बाळगण्यास, तसेच त्याची दुरुस्ती वा फेरफार करण्यास परवाना लागतो. येथे तो छंद होऊ शकत नाही. मात्र त्या कामामागची विद्या समजून घेण्यासारखी आहे.

प्रथम मनाजोगत्या आकाराचा लाकडी किंवा फेसाचा नमुना कोरावा लागतो. त्यावरून डाव्या आणि उजव्या अंगाचे दोन साचे घेतात. साच्याला आतून मेण चोळतात, म्हणजे माल सुटा निघतो. मग कार्बनच्या काळ्या कापडाचे तुकडे एपॉक्सी राळेत भिजवून एकावर एक बसवितात. राळ दोन द्रवांची बनते, आणि त्यांचे प्रमाण अंदाजाने नव्हे, तराजूने ठरवावे लागते. ती घट्ट होताना स्वतःच तापते. खोल भांड्यात बरीच राहिली तर धुमसू लागते. म्हणून थोडी थोडी कालवावी आणि मुदतीच्या आत वापरून टाकावी. त्यानंतर सारा साचा प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतील हवा पंपाने ओढून घेतात. बाहेरच्या हवेचा दाब थर एकमेकांवर घट्ट बसवितो, आणि जादा राळ शोषक कापडात जाते.

कामाचे खरे मर्म आहे ते थरांच्या दिशेत. तंतू आपल्या लांबीच्या दिशेनेच बळकट असतो. आडव्या बाजूने त्याला राळेखेरीज आधार नाही. दस्ता वाकू नये म्हणून काही तंतू लांबीला समांतर घालावे लागतात. तो पीळ खाऊ नये म्हणून काही थर पंचेचाळीस अंशांत तिरपे. आणि मनगटाशी, जेथे लाकूडही हार खात असे, तेथे जादा थर. सगळे कापड एकाच दिशेने अंथरले तर महागडे द्रव्य वापरूनही दस्ता दुबळाच राहतो. अक्रोडात जी रचना झाड वर्षानुवर्षे करीत असे, ती येथे माणसाला एका दुपारी, स्वतःच्या बुद्धीने करावयाची असते.

दोन्ही अंगे जोडल्यावर मागच्या पोकळीत हलका फेस भरतात आणि यंत्रणेच्या जागी भरीव राळ. पोलादी यंत्रणा जेथे टेकते तेथे अॅल्युमिनियमचे छोटे खांब बसवितात. पण ओलाव्यात कार्बनचा स्पर्श अॅल्युमिनियमला झिजवितो, म्हणून दोहोंमध्ये काचतंतूंचा थर ठेवणे हिताचे. शेवटी यंत्रणेला मेण लावून ती ओल्या राळेत दाबतात, म्हणजे तिचा तंतोतंत ठसा उमटतो. या वेळी मेण लावण्यास विसरलेला माणूस रायफल कायमचीच दस्त्यात चिकटवून बसतो.

असा दस्ता लाकडी दस्त्याहून बराच हलका होतो, आणि डोंगर चढणाऱ्याला त्याचे मोल कळते. परंतु हलकेपणाचीही किंमत द्यावी लागते. गोळी तीच ठेवून सबंध रायफलीचे वजन चार किलोग्रॅमवरून तीनवर आणले, तर मागे येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा एक-तृतीयांशाने वाढते. शिवाय साध्या तापमानात घट्ट झालेली राळ कडक उन्हात मऊ पडू शकते, आणि काळा रंग ऊन अधिकच ओढून घेतो. म्हणून दस्ता आधी मंद उष्णतेत शेकून पक्का करावा लागतो. करणाऱ्याच्या देहालाही धोका आहेच. राळेतील द्रव्यांनी कातडीला कायमची बाधा जडू शकते, आणि घासताना उडणारी बारीक काळी धूळ डोळ्यांना व फुप्फुसांना त्रास देते. हातमोजे आणि तोंडावरचा गाळणपट्टा यांत हयगय चालत नाही.

सर्वांत मोठा प्रश्न विश्वासाचा. लाकडाची गाठ किंवा वेडीवाकडी रेषा डोळ्यांना दिसते. फळी आपला दोष सांगून टाकते. कार्बनच्या दस्त्यावर रंग चढला की आत हवेचा बुडबुडा राहिला, एखादा थर सुटा पडला, की राळेचे माप चुकले, हे वरून कळत नाही. ते कळते दस्ता मोडतो तेव्हा, आणि तेव्हा रायफल कुणाच्या तरी खांद्याला लागलेली असते. म्हणून जाणता कारागीर पूर्ण झालेला दस्ता हातात घेतो आणि नाण्याने जागोजाग ठोकून पाहतो. जेथे थर एकजीव असतील तेथे खणखणीत नाद येतो. जेथे पोकळी असेल तेथे आवाज बद्द होतो. बाजारात मडके घेताना बाई ते बोटाने वाजवून पाहते, तीच ही परीक्षा. द्रव्य नवे आले, तरी ते पारखण्याची रीत जुनीच राहिली. आणि बद्द आवाज ऐकल्यावर स्वतःच्या हातचा दस्ता बाजूला टाकण्याचे धैर्य कारागिराला स्वतःच आणावे लागते.