पांढऱ्या रश्शातली लवंग

कोल्हापुरात पांढऱ्या रश्शाला लवंग-दालचिनीची फोडणी बसली, की वास शेजारच्या घरापर्यंत जातो. चांगल्या लवंगेच्या देठात नख रुतवलं तर तेलाचा ओलावा वर येतो. त्या तेलात बहुतांश युजेनॉल असतं. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, तुपातेलात मात्र सहज उतरतं. म्हणून खडा मसाला आधी फोडणीत घालायची आपल्या आयाबायांची रीत अगदी शास्त्राला धरून आहे. हेच युजेनॉल दाताच्या नसांची संवेदना दडपतं. झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दंतवैद्य त्याचं तात्पुरतं सिमेंट आजही भरतात. दाढ ठणकली तर लवंग जरूर धरा, पण किडलेला दात तिनं बरा होत नाही. आणि लवंगेचं शुद्ध तेल लहान मुलाच्या पोटात मुळीच जाऊ देऊ नका. त्यानं यकृताला गंभीर इजा होऊ शकते.