भीमाशंकरला एसटीने जाताय? कुणाला किती तिकीट आणि पास कधी परवडतो, समजून घ्या

पुण्याहून भीमाशंकर साधारण ११० किलोमीटरवर आहे. राजगुरुनगर, मंचर, घोडेगाव, डिंभे असा रस्ता. गाडी काढावी की एसटीने जावं, हा प्रश्न घरोघरी पडतो. त्याचं उत्तर गाडीत कोण कोण बसणार आहे यावर ठरतं.

एसटीचं तिकीट कसं ठरतं?

एसटीचं भाडं टप्प्यांवर मोजलं जातं. एक टप्पा ६ किलोमीटरचा. २५ जानेवारी २०२५ पासून भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं आणि साध्या बसचा एक टप्पा सुमारे १० रुपयांवर गेला. ११० किलोमीटर म्हणजे १९ टप्पे. त्यामुळे पुणे–भीमाशंकरचं पूर्ण तिकीट २०० रुपयांच्या आसपास धरायला हरकत नाही.

सवलत कुणाला?

- महिला: १७ मार्च २०२३ पासून सर्व प्रकारच्या एसटी बसमध्ये अर्धं तिकीट.
- ७५ वर्षं पूर्ण झालेले ज्येष्ठ: ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास.
- ६५ ते ७५ वयाचे ज्येष्ठ: अर्धं तिकीट.
- ५ ते १२ वर्षांची मुलं: अर्धं तिकीट.

दोन सवलती एकत्र होत नाहीत. ७० वर्षांच्या आजी महिला आहेत आणि ज्येष्ठही, पण तिकीट अर्धंच लागेल. ज्येष्ठांनी वयाचा पुरावा सोबत ठेवावा. महिला आणि ज्येष्ठांची ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे. शहरातल्या सिटी बसमध्ये महिलांची ही योजना चालत नाही.

मग गाडी स्वस्त की एसटी?

पाच जणांचं कुटुंब घेऊ. नवरा, बायको, ८ वर्षांचा मुलगा, ७० वर्षांच्या आजी आणि ७६ वर्षांचे आजोबा. एका बाजूचं तिकीट अनुक्रमे २००, १००, १००, १०० आणि शून्य. एकूण ५००, जाऊन-येऊन १,००० रुपये.

आता स्वतःची कार. जाऊन-येऊन २२० किलोमीटर, लिटरला १५ किलोमीटरचं ॲव्हरेज आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर सुमारे १,५४० रुपये नुसत्या पेट्रोलचे. पार्किंग वेगळं. म्हणजे या कुटुंबाचे एसटीत पाचशेच्या वर वाचतात.

पण चार तरुण मित्र निघाले तर? सवलत कुणालाच नाही. चौघांचं जाऊन-येऊन तिकीट १,६०० रुपये. कारच्या पेट्रोलइतकंच. एसटी स्वस्त पडते ती मुख्यतः सवलतीमुळे किंवा माणसं कमी असतील तेव्हा.

बचत कुठे निसटते?

परतीच्या शेवटच्या बसपाशी. ती चुकली की खासगी जीप करावी लागते आणि तिथे अर्धं तिकीट नसतं. म्हणून भीमाशंकरला उतरल्या उतरल्या परतीची वेळ कंडक्टरला किंवा स्टँडवर विचारून घ्यावी. थेट बस मिळाली नाही तर मंचरपर्यंत येण्याची सोय बघावी, कारण मंचर पुणे–नाशिक महामार्गावर आहे आणि तिथून पुण्याच्या बस जास्त मिळतात. श्रावणात आणि महाशिवरात्रीला एसटी जादा गाड्या सोडते. गर्दीच्या दिवसांत खासगी गाड्या मंदिराच्या अलीकडेच पार्किंगला थांबवल्या जातात. निघण्याआधी दर्शन सुरू आहे ना, हेही पाहावं.

मुंबईकडून कर्जतपर्यंत लोकल, पुढे खांडस आणि तिथून पायी चढाई, हा सगळ्यात कमी खर्चाचा मार्ग. पण शिडी घाट पावसाळ्यात धोकादायक होतो आणि त्या दिवसांत प्रशासन बऱ्याचदा या वाटा बंद ठेवतं. तिकिटाचे पैसे वाचवायला ही वाट धरू नये.

पास घ्यावा का?

एसटीची 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' ही योजना आहे. ४ किंवा ७ दिवसांचा पास काढून हवं तेवढं फिरता येतं. फक्त भीमाशंकरला जाऊन यायला तो परवडणार नाही. पण भीमाशंकर, त्र्यंबकेश्वर, घृष्णेश्वर, औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ असा फेरा केला, तर पुण्याहून निघून पुण्यात परत येईपर्यंत अंदाजे १,३०० किलोमीटर होतात. साध्या बसने त्याची सुटी तिकिटं २,१०० ते २,२०० रुपयांची.

सोपं गणित असं: पासच्या किमतीला १० ने भागा आणि ६ ने गुणा. येतील तेवढ्या किलोमीटरच्या पुढे पास फायद्याचा. पास २,००० रुपयांचा असेल, तर १,२०० किलोमीटरच्या पुढे. महिलांना हाच फेरा अर्ध्या तिकिटात साधारण १,१०० रुपयांत होतो, त्यामुळे त्यांनी आधी ही बेरीज करावी.

परदेशातही हाच हिशेब

जपानचा ७ दिवसांचा रेल पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येन झाला. दोन-तीन शहरंच बघायची असतील, तर आता सुटी तिकिटं स्वस्त पडू शकतात. जर्मनीचं महिन्याचं 'डॉइचलँड तिकीट' मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालं, जानेवारी २०२५ मध्ये ५८ युरो झालं. ते लोकल आणि प्रादेशिक गाड्यांत चालतं, वेगवान आयसीई गाड्यांत नाही. लक्झेंबर्गमध्ये मात्र २०२० पासून सार्वजनिक वाहतूक पर्यटकांनाही मोफत आहे, फक्त पहिल्या वर्गाला तिकीट लागतं. तिथे पास घेतला तर पैसे वायाच.

म्हणून पास काढण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा: एकूण किलोमीटर, प्रत्येकाचं वय आणि सवलत, परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते खिडकीवर रांगेत उभं राहण्याआधी झालेलं बरं.