भयाचा हिशेब

अंगीकृत कार्याची उत्कट ओढ ज्यांना असते त्यांना भय शिवत नाही, अशी समजूत थोर पुरुषांची चरित्रे वाचून आपली सहज होते; कारण चरित्रकार बहुधा फलश्रुतीपासून मागे पाहत येतो आणि मधली डळमळीत वर्षे त्याच्या दृष्टीतून निसटतात. धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र मला मोलाचे वाटते ते अशासाठी, की विद्येकरिता घर सोडण्याचा इरादा आपण अनेकदा केला आणि धैर्य न पुरल्यामुळे तितक्याच वेळा घरी परतलो, ही हकीकत त्यांनी लपविलेली नाही.

कोसंबींचा जन्म १८७६ साली पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात, साखवाळ या गावी, एका सनातनी गौड सारस्वत कुटुंबात झाला. शालेय शिक्षण तुटपुंजे, सोळाव्या वर्षाच्या सुमारास झालेला विवाह आणि घरचा प्रपंच, एवढ्यातच आयुष्य मावळून जाईल अशी त्यांची परिस्थिती होती. ‘बालबोध’ मासिकात बुद्धाविषयीचा एक लेख त्यांच्या वाचनात आला आणि त्या महापुरुषाचा धर्म मुळातून जाणून घेण्याचा ध्यास त्यांना लागला. परंतु तो शिकवणार कोण? पाली ग्रंथ सिंहलद्वीपात आणि ब्रह्मदेशात तिकडच्या लिप्यांतून, तर विलायतेत रोमन लिपीतून उपलब्ध होते. त्यांच्याकडे जाण्याची वाट दाखवील असे गावात कोणी नव्हते. गाठीला पैसा नाही, परमुलखात ओळख नाही, आणि ज्या विद्येसाठी सर्वस्वावर पाणी सोडायचे ती कोठे मिळते हेही निश्चित ठाऊक नाही, अशा तरुणाचे पाय वेशीवरून मागे वळले, तर त्याला भ्याड म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

अखेर ते निघाले ते संपूर्ण मार्गाची तजवीज झाली म्हणून नव्हे. संस्कृतावाचून पुढे गती नाही एवढे कळले, तेवढ्यासाठी त्यांनी पुणे गाठले. तेथून १९०० साली उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर असे मुक्काम करीत ते काशीस पोहोचले. ज्या आपत्तींच्या धास्तीने माणूस उंबरठ्याआड राहतो त्या सर्व तेथे त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या: पोटभर अन्नाची भ्रांत होती, शहरात महामारीचा कहर होता, आणि तरीही गंगाधरशास्त्र्यांपाशी त्यांचे अध्ययन चालू राहिले. पुढे नेपाळात जिवंत बौद्ध धर्म पाहावयास मिळेल या आशेने त्यांनी ती खडतर वाट तुडविली, तर तेथील धर्माची विपन्नावस्था पाहून त्यांचे मन खचले. उपासमारीने जे साधले नव्हते ते या निराशेने जवळजवळ साधले असते. आणि मला वाटते, या निराशेची कल्पना घर सोडताना त्यांच्या भयालाही आली नसावी. तरीही बुद्धगयेकडे वळून, तेथून पुढे सिंहलद्वीपाला रवाना होऊन, १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या चरणांपाशी ते पाली शिकावयास बसले आणि तेथेच त्यांनी दीक्षा घेतली.

या साहसाचा जमाखर्च मांडताना एक रक्कम मात्र कोसंबींच्या नावे टाकता येत नाही. त्यांच्या पत्नी बाळाबाई आणि तान्ही कन्या माणिक यांनी ही सुमारे सात वर्षे पतीवाचून, पित्यावाचून काढली. त्यांनी ध्यास घेतला नव्हता, पण त्याची किंमत त्यांच्याकडून वसूल झाली. आवडीच्या कार्याला वाहून घेण्याचा उपदेश करणारे लेखक या रकमेचा उल्लेख टाळतात, याचा मला खेद होतो. कारण घरच्यांचे काय होईल हे भय दुबळेपणातून आलेले नसते, ते कर्तव्यबुद्धीचेच एक रूप असते, आणि त्याला उत्तर देण्याची जबाबदारी निघणाऱ्यावर राहते. परतल्यावर कलकत्त्यास अध्यापनाचे काम मिळताच कोसंबींनी पत्नीला व कन्येला तेथे नेले. गेलेली वर्षे त्यामुळे भरून आली असे म्हणवत नाही.

कलकत्ता विद्यापीठात पाली शिकविण्याची जागा, म्हणजे निर्वाहाची शाश्वती, हाती असताना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा पन्नास रुपयांची तैनात देऊ केली. महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे, ही तिची अट. वेतनाच्या दृष्टीने हा सौदा सरळ तोट्याचा होता. परंतु जी विद्या शोधण्यासाठी आपल्याला एवढे भटकावे लागले ती मराठी माणसाच्या दारी नेणे हेच आता त्यांचे कार्य झाले होते, आणि अन्नछत्रांच्या दारी उभे राहिलेल्या माणसाला कमी पगाराची भीती कितीशी वाटणार? त्यांनी ती तैनात पत्करली.

पुढे डॉ. जेम्स वुड्स यांच्या निमंत्रणावरून १९१० साली हा पदवी नसलेला पंडित अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेला आणि हेन्री क्लार्क वॉरन यांच्या मृत्यूमुळे अपुऱ्या राहिलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीच्या कामाला लागला. त्या कामापायी त्यांना पुढेही समुद्र ओलांडावा लागला. ती आवृत्ती हार्वर्डच्या प्राच्यग्रंथमालेत १९५० साली निघाली, तेव्हा सेवाग्राम येथे कोसंबींचे देहावसान होऊन तीन वर्षे झाली होती. पण तिची वाट न पाहता १९४० मध्येच हा ग्रंथ त्यांनी मुंबईहून देवनागरीत प्रसिद्ध करविला होता, आणि त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला तो वाचण्यासाठी परकी लिपी शिकण्याची गरज उरली नव्हती.