तांब्याच्या तारेची कैफियत (लेखांक पाचवा)

गेल्या आठवड्यात कन्सोल केबल जोडून राउटरच्या आज्ञावलीत प्रवेश कसा करावा, हे आपण पाहिले. आता दूरध्वनीच्या ज्या तारेवरून ब्रॉडबँड घरात येते, तिची कैफियत त्या आज्ञावलीकडूनच वदवून घ्यायची आहे. उदाहरणादाखल एडीएसएल मोडेम पोटातच असलेला सिस्कोचा ८७७ हा राउटर घेऊ.

'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' ही आज्ञा दिल्यावर 'एटीएम ०' या नावापुढील दोन्ही रकान्यांत 'अप' असे उमटले, की पुष्कळांची खातरजमा होते; वस्तुतः एवढ्यावरून तार जिवंत आहे इतकेच सिद्ध होते. तिच्या प्रकृतीचा तपशील हवा असेल तर 'शो डीएसएल इंटरफेस एटीएम ०' असे विचारावे लागते. उत्तराच्या आरंभी मोडेमची स्थिती 'शोटाइम' अशी दिसली, म्हणजे घरचा मोडेम व एक्सचेंजमधील डीस्लॅम यांच्यातील वाटाघाटी संपून माहितीची ने-आण सुरू झाली, असे समजावे. पुढे दोन रकाने येतात : 'एटीयू-आर' या रकान्यात घराकडे येणाऱ्या प्रवाहाचे आकडे असतात, 'एटीयू-सी' या रकान्यात घरून एक्सचेंजकडे जाणाऱ्याचे. नवशिक्याची दृष्टी प्रथम वेगाच्या ओळीवर जाते. परंतु वेग हा कार्याचा भाग असून त्याचे कारण त्याच्या वरच्या 'नॉइज मार्जिन' व 'अ‍ॅटेन्युएशन' या दोन ओळींत आहे.

देवळाच्या सभामंडपात कीर्तनकाराचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचताना जितका क्षीण होतो, तितके त्याचे अ‍ॅटेन्युएशन. आणि तेथल्या कुजबुजीतूनही शब्द कळावा म्हणून जेवढा आवाज आवश्यक, त्याहून जितका अधिक ऐकू येतो, तितके त्याचे मार्जिन. ही दोन्ही मापे डेसिबलमध्ये देतात, आणि ३ डेसिबलांची घट म्हणजे शक्ती जवळजवळ निम्मी होणे. अ‍ॅटेन्युएशन मुख्यतः तारेच्या लांबीवर व जाडीवर अवलंबून असल्यामुळे ते सहसा दिवसागणिक बदलत नाही. मार्जिन मात्र भोवतालच्या गोंगाटाबरोबर वर-खाली होते, आणि जोडणीच्या वेळी ते सामान्यतः ६ डेसिबलांच्या आसपास राखण्याचा परिपाठ आहे. निदानाची किल्ली येथेच सापडते : अ‍ॅटेन्युएशन स्थिर असून मार्जिन खाली आले, तर उपद्रव बाहेरून शिरलेल्या गोंगाटाचा, अ‍ॅटेन्युएशनच वाढले, तर गंजलेल्या अथवा पाणी शिरलेल्या जोडाचा संशय धरून लाइनमनला पाचारण करावे.

गोंगाट कोणत्या दिशेने आला, याचा माग त्याच उत्तराच्या तळाशी असलेल्या कोष्टकात लागतो. १९९९ साली संमत झालेल्या जी.९९२.१ या प्रमाणानुसार तारेवरील ११०४ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा ४.३१२५ किलोहर्ट्झच्या अंतराने २५६ टोनांत विभागलेला असतो, आणि परिस्थिती अनुकूल असेल तर एकेक टोन १५ बिटांपर्यंत भार वाहतो. कोणत्या टोनाने किती बिट उचलले, याचा हिशेब ते कोष्टक देते. आता याच पट्ट्यात मध्यम लहरींवरील नभोवाणी केंद्रेही नांदतात. पुणे आकाशवाणीची ७९२ किलोहर्ट्झ ही कंप्रता घेतली, तर ती १८४व्या टोनाजवळ येते. तेव्हा त्या प्रक्षेपकाच्या परिसरातील एखाद्या तारेच्या कोष्टकात नेमका तेवढाच खड्डा दिसला, तर त्याचा दोष जोडावर ढकलू नये. शिवाय सूर्यास्तानंतर आयनांबराचा शोषक थर विरत असल्याने दूरची केंद्रेही ऐकू येऊ लागतात, आणि दुपारी निर्वेध चालणाऱ्या तारेचे मार्जिन रात्री उतरते, त्याचे एक कारण हेच.

उरले चुकांचे आकडे. 'रीड-सॉलोमन' या ओळीतील चुका मोडेमने स्वतःच दुरुस्त केलेल्या असतात, म्हणून त्या पाहून घाबरण्याचे कारण नाही; 'सीआरसी' या ओळीतील चुका मात्र दुरुस्तीवाचून राहिलेल्या, त्यांच्यापायी पाठवलेली माहिती पुन्हा मागवावी लागते. हे आकडे साचत जाणारे असल्यामुळे एकदाच वाचून निकाल देणे गैर : वेळ नोंदवून आकडे टिपावेत, तासाभराने पुन्हा टिपून वजाबाकी करावी, आणि हाच क्रम दुपारी व रात्री करावा. अशी तारीखवार टिपणे जोडलेला तक्रार अर्ज दूरध्वनी कचेरीत गेला, तर 'नेट मंद आहे' या मोघम वाक्याच्या जागी कचेरीला जोड तपासावा की गोंगाटाचा उगम शोधावा, हे ठरवण्याजोगा पुरावा मिळतो.

तार निर्दोष ठरूनही जोडणी लागत नसेल, तर दोष नाव व परवलीचा शब्द तपासणाऱ्या पीपीपीच्या पायरीवर शोधावा लागतो. त्याचा विचार पुढील लेखांकात करू.