पाय प्लॅस्टरमध्ये, नजर टाकीवर!

आधीच कबूल करते. 'पर्यावरण' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर रविवारची सकाळ यायची. सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट, टेकडीवर खड्डे, रोप हातात धरून फोटो आणि मग मिसळ! सोमवारी पुन्हा ऑफिस, एसी आणि कागदी कप. त्या रोपाचं पुढे काय झालं, हे विचारायला वेळ कुणाला असतो?

गेल्या मार्चमध्ये जिन्यात पाय घसरला. घोट्याला फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लॅस्टर. पुण्यातला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आत्याचा फोन आला, "लॅपटॉपवरच काम करतेस ना? मग इकडं येऊन कर की!" झालं! लॅपटॉप आणि कुबड्या घेऊन मी थेट तिसगावात.

करंजी घाट उतरून पाथर्डीकडे निघालात की कल्याण-विशाखापट्टणम महामार्गावर हे गाव लागतं. जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, आत्याच्या तोंडी मात्र अजून 'नगर'च. पाथर्डी तालुका दुष्काळी. दिवाळीच्या सुमाराला इथली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावरच परततात. "घरी बसून बोअर झालं," असं मी म्हटलं, तेव्हा आत्या शांतपणे म्हणाली, "बाई, घरी बसायला मिळायला बी नशीब लागतं." मी गप्प!

गल्लीची वॉचमन

आत्याच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी सगळे मोटर लावतात आणि आपापल्या कामाला जातात. कुणी दुकानात, कुणी रानात. टाकी भरते, वाहायला लागते. खाटेवर पाय वर करून बसलेली मी दारातून हे बघायची. 'माझ्या हातात काय आहे?' म्हणून पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं खुपसायची.

एकदा गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या वहिनी आल्या. आत्याकडे दोन हंडे पाणी मागत होत्या. पुढच्या घरांच्या मोटरी पाणी ओढत राहतात, त्यामुळे टोकापर्यंत धार पोचायच्या आतच नळ जातो. म्हणजे माझ्यासमोर गच्चीवरून वाहणारं पाणी वहिनींच्या वाट्याचं होतं!

त्या दिवशी आत्याकडून सगळ्यांचे नंबर घेतले. टाकी भरली की फोन. "काकू, मोटर बंद करायला सांगा!" घरात कुणी नसेल तर शेजारच्या आजी किंवा शाळेतून आलेली पोरं जाऊन बटण बंद करायची. सुरुवातीला सगळे हसले. दुसऱ्या आठवड्यात सात घरं माझ्या भरवशावर! एका पोराला ओव्हरफ्लोच्या पाइपखाली 15 लिटरची बादली धरायला लावली. दीड मिनिटात भरली. म्हणजे अर्ध्या तासाला 300 लिटर. एका टाकीचे!

एकदा मात्र मी हेडफोन लावून क्लायंटच्या कॉलवर होते. दोन टाक्या वाहिल्या. संध्याकाळी वहिनी काही बोलल्या नाहीत, फक्त रिकामी घागर घेऊन आल्या. त्यानंतर पाण्याच्या दिवशी कॉल ठेवायचा नाही, असं ठरवूनच टाकलं.

छपराचा हिशोब

प्लॅस्टरमध्ये असलं की कॅल्क्युलेटरही टाइमपास होतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. 50 चौरस मीटरची गच्ची आणि वर्षाला 500 मिलिमीटर पाऊस धरा. 25 हजार लिटर! थोडं वाया जाणार, तरी 20 हजार कुठे गेले नाहीत. पन्हळ, पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायची सोय, गाळणी आणि टाकी किंवा शोषखड्डा, एवढंच लागतं.

याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावरून पिकं ठरवतं. गाव जे करू शकतं, ते एक घर का नाही?

उकिरड्याची फॅशन

शहरात आपण पैसे मोजून 'कंपोस्ट किट' घेतो. आत्याला दाखवलं तर म्हणाली, "हा तर उकिरडा!" खरंच की. फरक एवढाच, की आता उकिरड्यात पिशव्या येतात आणि त्या जनावरांच्या पोटात जातात. फुटक्या माठात मी भाजीची देठं आणि सालं टाकायला लागले. आठवड्यात घाण वास! कोरडा पाला घालायचाच राहिला होता. ओल्या थरावर कोरडा थर द्यायला लागल्यावर वास गेला. मी निघाले तेव्हा खत व्हायचं होतं. पुढे ते आत्याच्या दारच्या कढीपत्त्याला पडलं.

'घरात बसून काय होणार?' असं अजूनही वाटत असेल, तर याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आठवा. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी आपल्या घरातच गावठी बियाणं जमवून शंभराहून जास्त वाण जपले आणि गावोगावच्या शेतकऱ्यांपर्यंत पोचवले. 2020 च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव होतं. त्याच यादीत हिवरे बाजारचे पोपटराव पवारही होते.

प्लॅस्टर निघालं, मी पुण्याला आले. परवा आत्याचा फोन. "तुझी ड्यूटी आता टोकाच्या वहिनींची पोरगी करते. शाळा सुटली की पहिली टाकी बघते."

माझ्या सोसायटीची टाकी वाहते का, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. त्याच संध्याकाळी गच्चीवर गेले. वाहत होती!

एवढं तर जमेल!

• गळक्या नळाखाली लिटरची बाटली लावा, वेळ मोजा. वीस मिनिटांत भरली तर दिवसाला 72 लिटर गेले.

• वर्क फ्रॉम होम करताय? सोसायटीच्या टाकीची जबाबदारी आठवड्यातून एक दिवस घ्या.

• कुंडीत ओलं-कोरडं थराथरानं. प्लॅस्टिक अजिबात नको.

• घरच्या कारल्या-दोडक्याचं बी वाळवून ठेवा आणि शेजाऱ्यांनाही द्या.