दोन्ही टोकांना घेट्टो

सहलीहून आठवण म्हणून आणावं तसं हे ब्रोच. पत्रा कोरून काढलेला पूल, दोन्ही अंगांना जिने, वर माणसांची रांग. पण पोलंडमधल्या वूच शहरात ज्या कारागिराने ते घडवलं, त्याला कुठेच जाता येत नव्हतं, कारण त्या पुलाच्या दोन्ही टोकांना घेट्टोच होता.

मे १९४० मध्ये नाझींनी इथल्या घेट्टोत, म्हणजे बंदिस्त वस्तीत, सुमारे १ लाख ६० हजार ज्यूंना कोंडलं. वस्तीच्या मधून जाणारा झ्गिएर्स्का रस्ता मात्र इतरांसाठी मोकळा राहिला. खालून ट्राम धावायची, आणि ज्यूंना रस्ता ओलांडायचा तर लाकडी पूल चढून जावं लागे. उपाशी पोटी तो जिना चढणं म्हणजे काय, याची कल्पना केलेली बरी. आणि नेमका हाच पूल कुणाला तरी दागिन्यावर हवासा वाटला! फूल नाही, पान नाही, पूल. मला ही निवड थक्क करते.

धातू कुठून आला? सोनं-नाणं आधीच हिसकावून घेतलेलं होतं. पण घेट्टोभर जर्मनांसाठी राबणारे कारखाने होते, त्यांत धातुकामाचं खातंही होतं. तिथे कानस होती, करवत होती, पत्र्याची कात्रणं होती आणि हातांत कसब होतं. १९४३ मध्ये घेट्टोची स्वतःची नाणीही पडली, ॲल्युमिनियमची आणि मॅग्नेशियमचीही. (पेट घेतला तर डोळे दिपवणारा धातू, आणि त्याचे पैसे!) कुंपणाबाहेर त्या नाण्यांची किंमत शून्य.

काहींनी पावाच्या रेशनकार्डाचं चिमुकलं पदक बनवलं. एक पाव जिथे आठवडाभर पुरवायचा, तिथे ते कार्ड सोन्याहून मोलाचं.

सगळंच प्रेमापोटी घडलं असं मानायचं कारण नाही. घेट्टोचा प्रमुख रुमकोव्स्की याला खात्याखात्यांतून सजवलेले अल्बम भेट जात. ज्याच्या हाती कामाची यादी, त्याची मर्जी राखावीच लागे. पण बायकोच्या, मैत्रिणीच्या नावाची अक्षरंही याच पत्र्यात कोरली गेली.

ऑगस्ट १९४४ मध्ये उरलेल्यांना आउश्वित्झच्या मृत्युछावणीत नेलं. तिथे उतरताच अंगावरचं सगळं काढून घेतलं जाई. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य वूचला पोहोचलं, तेव्हा घेट्टोत ९०० माणसंही जिवंत नव्हती. तरी यांतले काही दागिने टिकले. जेरुसलेमच्या याद वाशेम स्मारकाच्या आणि वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाच्या संग्रहात ते आजही आहेत.